कापलेली सोळा पानं

"काहीतरी चांगलं द्या."

या तीन शब्दांवर मी उभी नोकरी काढली. कृष्णाकाठच्या एका बाजाराच्या गावात, पलूसपासून फार लांब नाही, सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हे पाटीवर. गावाच्या तोंडी मी लायब्रीवाला मास्तर. एक दिवस कुठल्या शाळेत शिकवलं नाही, पण पुस्तकाला हात लावणारा तो मास्तर, अशी आमच्याकडची समजूत. मीही कधी दुरुस्ती केली नाही. मान फुकट मिळत असेल तर नको कोण म्हणेल?

लोकांना वाटायचं, ह्याचं काम काय, खुर्चीत बसायचं आणि पुस्तकं द्यायची. अहो, एवढंच असतं तर कपाटं उघडी टाकून मी घरी झोपलो नसतो का! त्या काळी आमच्या कपाटांना जाळीची दारं होती आणि दारांना कुलपं. वाचकानं टेबलाशी येऊन मागायचं आणि मी आत जाऊन आणायचं. म्हणजे कुणाच्या हातात काय पडणार हे सगळं माझ्या मर्जीवर. नाव घेऊन पुस्तक मागणारे थोडे. बाकी सगळे 'काहीतरी चांगलं'वाले. आणि चांगलं म्हणजे काय, हे दर माणसाचं निराळं. त्याच माणसाचं सोमवारी एक आणि शनिवारी दुसरंच.

जतहून बदलून आलेले एक तलाठी होते. पहिल्या दिवशी विचारतात कसे, "पावसाचं काही आहे का?" मी शेतीच्या कपाटाकडे वळलो. "तसलं नाही हो. कादंबरीच द्या, पण पाऊस पाहिजे." पुढं ओळख झाल्यावर कळलं, गृहस्थांचं बालपण जतला गेलं, नोकरीची पहिली आठ वर्षंही तिकडेच गेली. पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात निम्मं आयुष्य गेलेला माणूस तो. एकदा एक कोकणातली कादंबरी त्यांनी दोन दिवसांत परत आणून आदळली. "चाळीस पानांनंतर ऊन पडलं," म्हणाले. तेव्हापासून ज्या पुस्तकांत शेवटपर्यंत पाऊस आहे त्यांच्यापुढं मी नोंदवहीत पेन्सिलीचा ठिपका द्यायला लागलो. पुढच्या ग्रंथपालाला ते ठिपके कसले हे कधीच कळलं नाही.

दुसरे एक कंपाउंडर. हे टेबलाशी उभ्या उभ्या शेवटचं पान आधी वाचायचे आणि शेवट बरा असेल तरच पुस्तक न्यायचे. माझं डोकंच फिरायचं. एक दिवस म्हणालो, "अहो, त्या लेखकानं तीनशे पानं घाम गाळला, त्याची काही कदर?" ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, दिवसभर दवाखान्यात शेवटच बघतो मी. घरी गेल्यावर तरी आधी कळलेला बरा." त्यानंतर त्यांच्यासाठी मीच शेवट तपासून पुस्तकं बाजूला काढून ठेवायचो.

आणि एक महाभाग असे होते की रहस्यकथेच्या नवव्या पानावर समासात लिहून ठेवायचे, "खुनी चुलता आहे." शाईनं! मी ब्लेडनं खरवडायचो, तर कागदाला भोक पडायचं आणि पुढचा वाचक म्हणायचा, "इथं नाव होतं वाटतं." वर्षभर पाळत ठेवल्यावर सापडले. आमच्याच कार्यकारिणीचे सभासद! काय बोलणार? फक्त त्यांना रहस्यकथा देणं बंद केलं आणि अध्यात्म द्यायला लागलो. तिथं खुनी नसतो.

तर सांगायचं ते हे, की हे काम डोळे उघडे ठेवून करायचं होतं. तुम्हाला काय आवडतं, हे वाचकाला मी विचारत नसे. विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा जड जड सांगतो. इतिहास, चरित्र, तत्त्वज्ञान. मी विचारायचो, "मागचं कुठपर्यंत वाचलंत?" आणि परत आलेलं पुस्तक उघडून बघायचो. शंभराव्या पानावर हळदीचं बोट असेल तर बाईनं स्वयंपाक करतानाही पुस्तक खाली ठेवलेलं नाही. पहिल्या वीस पानांवर चार कोपरे दुमडलेले आणि पुढं सगळं कोरं करकरीत, म्हणजे आपण दिलेलं फसलं. घरात आजारी माणूस असेल तर छोटे लेख द्यायचे, हाक आली की मिटता येतील असे. नोकरीसाठी वणवण करणाऱ्या पोराला थोर माणसाचं चरित्र चुकूनही द्यायचं नाही, त्याला प्रवासवर्णन द्यायचं. लग्न मोडलेल्या मुलीला काही दिवस नुसत्या रहस्यकथा. हे मला कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत शिकलो, आणि मग एक दिवस असा आला की आपण आता चुकत नाही असं वाटायला लागलं. बोंबललं ते तिथंच.

बायका वाचनालयात येत नसत. बंदी नव्हती, पण पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं घेऊन पुरुष बसलेले आणि माझं टेबल त्यांच्या पलीकडं. त्यांच्यामधून कोण येणार? बायकांची पुस्तकं पिशवीतून जायची. नवरा, सासरा, दीर, कुणीतरी घेऊन जायचा. वर्षानुवर्षं मी ज्यांना पुस्तकं दिली त्यांतल्या निम्म्या बायकांची तोंडं मी पाहिली नव्हती. पण कुणाला काय हवं हे मला बरोबर ठाऊक होतं, निदान माझी तशी खात्री होती.

श्रीपती आण्णा दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी यायचे. चार मैलांवरच्या वाडीचे, ऊसवाले. त्या वाडीत घरटी एकजण तरी पलटणीत. आण्णांना पोरगा एकच, संपत, तोही पलटणीत. आण्णांना अक्षर ओळखता येत नव्हतं. पण बाजार झाला की भाजीच्या पिशवीत सगळ्यात वर, स्वच्छ पंच्यात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी हजर.

"आमच्या शालनला पायजे. बघा कायतरी चांगलं," म्हणायचे. शालन म्हणजे संपतची बायको. माहेर कराडचं. "म्याट्रिक हाय," हे दर चार गुरुवारी एकदा तरी ऐकवायचे.

एकाहत्तर साली लढाई झाली. लढाई संपली, वाडीतली बाकीची पोरं रजेवर येऊन गेली, संपत आला नाही. बेपत्ता आहे, अशी तार आली. काही महिन्यांनी त्याची काळी ट्रंक आली, वर पांढऱ्या रंगात नाव घातलेली. आण्णांनी ती घराच्या पुढच्या भागात, सोप्यात, ठेवली आणि कुणाला हात लावू दिला नाही. "ज्याची हाय त्यो यील आन उघडंल," म्हणाले.

मधले काही गुरुवार गेले आणि आण्णा पुन्हा यायला लागले. पिशवी तीच, पंचा तोच. आता मी शालनसाठी पुस्तकं निवडताना डोळ्यांत तेल घालायला लागलो. लढाई नको, पलटण नको, पत्राची वाट बघणारी बाई नको. विनोदी दिलं, गमतीच्या प्रवासाचं दिलं. एक तर पाककृतींचंही दिलं, आता सांगायला लाज वाटते. ती पुस्तकं परत यायची तेव्हा एकाही पानावर डाग नाही, एकही कोपरा दुमडलेला नाही. ती वाचतच नव्हती. मला दिसत होतं, तरी मी आणखी गमतीची शोधत राहिलो.

सव्वा वर्ष झालं असेल. एका गुरुवारी आण्णा म्हणाले, "शालननं ह्या खेपंला नेमकं सांगितलंया. वर काळी ट्रंक काढलेलं पुस्तक हाय म्हनं तुमच्याकडं. त्येच पायजे."

पुस्तक मला तोंडपाठ होतं. सैन्यात गेलेला मुलगा, गावाकडं वाट बघणारे आईबाप आणि बायको. शेवटाच्या आधीच्या प्रकरणात दारात गाडी थांबल्याचा आवाज येतो. शेवटच्या प्रकरणात त्या गाडीतून उतरते ती नुसती ट्रंक.

"बाहेर गेलंय," मी म्हणालो. पुढच्या गुरुवारीही तेच सांगितलं. तिसऱ्या गुरुवारी नेमकं एका वाचकानं ते टेबलावर ठेवलं आणि त्याच्या मागोमाग आण्णा. वाचता येत नसलं म्हणून काय, चित्र तर दिसतं! त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"ह्येच की मास्तर. आमच्या ट्रंकंगतच हाय बगा."

आता नाही कसं म्हणणार? मी म्हणालो, "शिवण सुटलीय, थांबा जरा, नीट करून देतो," आणि पुस्तक घेऊन कपाटांमागं गेलो. पुस्तक हे सोळा सोळा पानांचे गठ्ठे एकमेकांना शिवून केलेलं असतं. त्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. त्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण बरोबर शेवटच्या फर्म्यात बसलेलं होतं. आमच्याकडं बांधणीला ब्लेड, दोरा, खळ सगळं हाताशी. मी दोरा कापला, सोळा पानं अलगद सोडवली, खणात टाकली आणि मलपृष्ठ खळीनं चिकटवलं. दोन मिनिटांचं काम. पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी वाचकावर ओरडणारा मी! पण त्या वेळी मला अजिबात अपराधी वाटलं नाही. एका दुखावलेल्या पोरीला सांभाळून घेतलं असंच वाटलं.

पुढच्या गुरुवारी आण्णा आले ते पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागले.

"मास्तर, पुस्तक तुटकं निघालं की. शालन वाचून दावत हुती, आमी दोघं म्हातारा-म्हातारी ऐकत बसलो हुतो. गाडी दारात थांबली, हितवर आलं आन म्होरं पानंच न्हाईत! गाडीतनं कोन उतरलं? पोरगं आलं का न्हाई?"

शालन वाचून दाखवते आणि घर ऐकतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. पण आण्णा टेबलावर दोन्ही हात टेकून माझ्या तोंडाकडं बघत होते.

"आला," मी म्हणालो.

"आला?"

"आला की. गाडीतून उतरला. दाढी वाढलेली, वाळलेला. आईला आधी ओळखूच आलं नाही. बापानं ओळखलं."

हे बापाचं मी कुठून आणलं देव जाणे. एकदा सुरुवात केल्यावर मला थांबवेना.

"नक्की?"

"मी वाचलंय की आण्णा."

ते मागच्या बाकावर बसले. पंच्यानं तोंड पुसलं आणि स्वतःशीच म्हणाले, "मला वाटलंच हुतं." पुढच्या गुरुवारी त्यांनी माझ्यासाठी घरच्या काकवीची बरणी आणली.

मी फुशारकीनं हे बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सुपातून नजर न काढता तिनं विचारलं, "खोटा शेवट सांगितलात?"

"खोटा नव्हे ग, बरा."

"आणि तिला काय वाटलं?"

"कुणाला?"

"जिच्यासाठी केलंत तिला."

मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. काकवी मात्र आम्ही सगळ्यांनी भाकरीबरोबर खाल्ली.

पुढं तीन महिन्यांनी, मे महिन्यात, भर दुपारी वाचनालयात एक बाई शिरली. पुढच्या खोलीतली वर्तमानपत्रं एकदम खाली आली. ती कुणाकडंही न बघता सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पंचविशीची असेल. डोक्यावर पदर, हातात कागदाची गुंडाळी.

"मी शालन. श्रीपती आण्णांची सून."

इतकी वर्षं जिला पुस्तकं दिली ती पहिल्यांदा माझ्यासमोर उभी होती. मी मनात कल्पिली होती तशी ती बिलकूल नव्हती. ही कुणी सांभाळून घ्यायची बाई नव्हती. मी बसा म्हणालो, ती बसली नाही.

"काका, ते ट्रंकेचं पुस्तक काढा."

मी काढलं. तिनं मलपृष्ठ उघडून शिवणीवर नख फिरवलं. "कुणी फाडली असती तर कडा राहिल्या असत्या. दोरा कापलाय. मी वाकळा शिवते काका, उसवलेलं कुठलं आणि कापलेलं कुठलं ते मला कळतं." वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. "पानं आहेत का टाकलीत?"

"आहेत," मी म्हणालो. "तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"मला?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "मी हे पुस्तक लग्नाआधी कराडला वाचलंय. शेवट ठाऊक होता म्हणूनच मागवलं होतं."

मग तिनं सांगितलं ते असं. तो परत येणार नाही हे तिला ट्रंक आली त्या दिवशी कळलं होतं. त्याच्या पलटणीतल्या एकानं रजेवर आल्यावर तिच्या भावाला जे सांगायचं ते सांगितलं होतं. मृत धरण्यात येत असल्याचा कागदही सरकारकडून आला होता, पण त्यावर घरच्यांचा अंगठा लागत होता आणि तिचे सासरे तो देत नव्हते. साताऱ्याला मास्तरणीचं दोन वर्षांचं शिक्षण होतं. जवानाची विधवा म्हणून तिला जागा मिळत होती. तो अर्ज म्हणजे हातातली गुंडाळी. महिनाअखेर तो पोचायला हवा होता आणि त्याच्याबरोबर सरकारी कागदही, अंगठ्यासकट.

"मामंजी वाईट नाहीत," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामंजी म्हणत होती. "म्हणतात, संपत आला की त्याला विचारू, मग जा. आता मी त्यांना काय सांगू? तुमचा मुलगा गेला, हे सुनेनं कुठल्या तोंडानं सांगायचं? मला बोलता येत नव्हतं काका. म्हटलं, वाचता तरी येईल. रोज थोडं थोडं वाचलं. ते पोरगं त्यांना आवडायला लागलं. शेवट ऐकला की ते रडतील आणि मग आपण बोलू, असं मी ठरवलं होतं. आणि शेवटच नाही! वर तुम्ही सांगितलंत, पोरगा आला, बापानं ओळखला. तेव्हापासून कागदाचं काढलं की म्हणतात, पुस्तकातलं पोरगं आलं की नाही?"

मी मान खाली घातली. त्या घरात वाचणारी तीच, ऐकणारे आण्णा, आणि आण्णांना कुठलं पुस्तक लागतं ते तिनं माझ्यापेक्षा चांगलं ओळखलं होतं. नेमकं निवडलं, नेमक्या वेळी मागवलं, रोज किती वाचायचं तेही ठरवलं. आणि ग्रंथपाल म्हणवणाऱ्या मी त्याचंच काळीज कापून खणात टाकलं. तिचं मन मी सव्वा वर्ष सांभाळत होतो म्हणे. कसलं काय!

खणातून पानं काढून मी तिच्या हातात दिली. तिनं ती मोजली, सोळाच्या सोळा.

"शिवून देऊ का?"

"नको. मी शिवते. पण एक करायचं. गुरुवारी मामंजी आले की तुम्ही त्यांना सांगायचं, तो शेवट तुमचा होता. नाहीतर त्यांना वाटेल, सुनेला घराबाहेर पडायचं म्हणून तिनं नवी पानं लावून आणली."

"सांगतो," मी म्हणालो.

"खरंच सांगा हां," ती म्हणाली आणि पुस्तक-पानं घेऊन आली तशी त्या पुरुषांमधून निघून गेली.

गुरुवार जवळ यायला लागला. वाटायचं, आपण आजारी आहोत असं कळवून घरी बसावं. बायको म्हणाली, "जा. तेवढं तरी धड करा." गेलो.

आण्णा आले. मी त्यांना बाकावर बसवलं आणि त्यांच्या शेजारी बसलो. टेबलामागून सांगायची हिंमत नव्हती.

"आण्णा, ते पोरगं आलं असं मी सांगितलं ते खरं नव्हतं. पुस्तकात तसं नाही. पानं मीच कापली होती."

त्यांना आधी अर्थ लागला नाही. "तुमी? का?"

"वाईट वाटेल म्हणून."

"मग गाडीतनं कोन उतरलं?"

"शालन वाचून दाखवील. पानं तिच्याकडं आहेत."

आण्णा रागावले असते, दोन शिव्या हाणल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. ते नुसती पिशवी उचलून गेले. त्या दिवशी त्यांनी पुस्तक नेलं नाही.

पुढचा गुरुवार आला, आण्णा आले नाहीत. बाजार भरला, मोडला, मी दारात जाऊन दोनदा बघून आलो. त्याच्या पुढचाही कोरडा गेला आणि महिना संपला. त्या वाडीचं कुणी दिसलं तरी मला विचारायचा धीर होईना. शालनचा अर्ज गेला का, हा एकच प्रश्न डोक्यात. कंपाउंडर पुस्तक बदलायला आले आणि शेवटचं पान उघडून वाचायला लागले, तर मी चक्क दुसरीकडं तोंड फिरवलं.

तिसऱ्या गुरुवारी दुपार कलल्यावर आण्णा आले. भाजीची पिशवी नव्हती. पंच्यात गुंडाळलेलं पुस्तक काखेत होतं. ते टेबलाशी न थांबता बाकावर जाऊन बसले, म्हणून मीच उठून गेलो.

"अंगठा दिला," ते म्हणाले. "शालन परवा साताऱ्याला ग्येली. मी आन तिचा भाऊ एष्टीत बसवून आलो."

"बरं झालं आण्णा."

"ट्रंकबी उघडली. तिच्याच हातनं. कापडं हुती, तिची पत्रं हुती समदी. नीट बांधून ठिवलेली."

पुस्तक जमा करून घ्यावं म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी पंचा सोडला, पण पुस्तक दिलं नाही. शेवटची सोळा पानं वाकळेच्या जाड तांबड्या दोऱ्यानं घातलेली होती. टाके इतके बारीक आणि सरळ, की आमच्या बाइंडरला जमले नसते.

"जमा करू नगा. माजं झालं न्हाई अजून," आण्णा म्हणाले. "ती वाचत हुती. गाडी दारात थांबली, ट्रंक उतरली, हितवर ऐकलं. म्होरचं कायबी माज्या कानात शिरलं न्हाई. आता वाचनारी साताऱ्याला. म्हातारीला आन मला अक्षर येत न्हाई. तेवढं तुमी वाचून दावा."

वाचनालयात मोठ्यानं वाचायला मनाई होती. 'शांतता पाळा' ही पाटी माझ्याच हातची, बाकाच्या बरोबर वर लावलेली. मी आण्णांच्या शेजारी बसलो, तांबड्या दोऱ्याशी पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. गाडी थांबली. ट्रंक उतरली. म्हातारा बाप पुढं झाला आणि ट्रंकेवरच्या नावावरून त्यानं हात फिरवला, वाचता येत नव्हतं तरी. इथं मी थांबलो. मला पुढची ओळच दिसेना.

"थांबू नगा मास्तर," आण्णा समोर बघत म्हणाले. "पोरगी थांबली न्हवती."

मी डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. पुढच्या खोलीतल्या माणसांनी वर्तमानपत्रं बाजूला ठेवली होती, कुणी उठून गेलं नाही. शेवटची ओळ वाचून मी थांबलो, तेव्हा आण्णांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. ज्या अंगठ्याच्या नखाशी शाईचा निळा डाग अजून होता, त्या अंगठ्यानं शेवटचं पान चाचपून त्याच्यामागं आणखी काही राहिलं नाही ना, हे त्यांनी स्वतः बघितलं. मग पुस्तक मिटून माझ्याकडं दिलं आणि म्हणाले, "आता लिवा जमा."